हवेचं वावडं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कसाऱ्याचा माणूस हवेवर बोलायला बसला की तुम्हाला वाटणार, आता हा घाटातल्या धुक्याबद्दल सांगणार, पावसाळ्यातल्या धबधब्यांबद्दल सांगणार आणि शेवटी एखादी कविता म्हणणार. आज त्यातलं काही नाही. जिथं हवा पोचत नाही अशा जागांबद्दल आणि तिथं राहणाऱ्यांबद्दल मला बोलायचं आहे. त्या जागा बोगद्यातल्या नाहीत, आपल्याच शरीरातल्या आहेत.

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला सुटला, तो पुन्हा जुळला माझ्या मामूंच्या एका दाढेमुळे.

मामू कसारा स्टेशनवर चहा विकायचे. त्यांची हाक पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत जायची. लोकलमधला झोपलेला माणूस त्या हाकेनं जागा व्हायचा आणि जागा झालाच आहे तर चहा घ्यायचा. त्यांची खालची, अगदी मागची दाढ किडलेली होती. किती वर्षं, कोण जाणे. दुखली की लवंग, फारच दुखली की चिमूटभर तंबाखू, त्याहून जास्त दुखली तर टपरीवरची एक गोळी. आमच्याकडे दाढेचा इलाज याच क्रमानं होतो. दाढ काढायची म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडणार, तालुक्याला जायचं, पैसे मोजायचे. त्यापेक्षा लवंग बरी.

१९९३च्या पावसाळ्यात एक दिवस मामूंचा गाल सुजला. मुमानींनी विटेचा तुकडा गरम करून फडक्यात गुंडाळून शेकलं, हळदीचा लेप लावला. मी नुकताच बी. ए. झालो होतो आणि नोकरी नव्हती, म्हणून घरी होतो. मी म्हटलं, ‘‘मामू, डॉक्टरकडे जाऊ या.’’ ते म्हणाले, ‘‘दाढच दुखतेय ना रे. दाढेनं कोण मरत नाय.’’

दुसऱ्या दिवशी सूज गालावरून हनुवटीखाली उतरली. संध्याकाळपर्यंत ती एका बाजूची राहिली नाही, दोन्ही बाजूंनी गळा भरून आला. तोंड मिटेना. लाळ गळायला लागली, कारण गिळता येत नव्हतं. जीभ खालून कुणी तरी उचलून धरल्यासारखी वर आली होती. बोलायला गेले तर तोंडात गरम भजं धरून बोलावं तसा आवाज. रात्रभर ते आडवे झाले नाहीत. खाटेच्या काठावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसून राहिले. आम्हाला वाटलं, दुखण्यानं झोप येत नाही. पुढे कळलं की आडवं झालं की त्यांचा श्वास अडत होता.

सकाळी गावातल्या एका तरुण डॉक्टरांना आणलं. त्यांनी हनुवटीखाली बोटं दाबली. तिथलं मांस लाकडासारखं घट्ट लागत होतं. त्यांनी औषध लिहून दिलं नाही. म्हणाले, ‘‘पुढच्या लोकलनं निघा. आणि काही झालं तरी यांना झोपवू नका, बसवूनच न्या.’’ कल्याणपर्यंतचा तो प्रवास मी आजही विसरलेलो नाही. ज्या डब्यांतून मामूंनी वीस वर्षं चहा विकला, त्याच डब्यात ते खिडकीचा गज धरून एकेक श्वास ओढत बसले होते.

पुढे एका मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांच्या गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवली, म्हणजे श्वासाची वाट मोकळी झाली. मग जबड्याखाली चिरे देऊन पू काढला. त्या पुवाचा वास सांगता येणार नाही. नाल्याचा, कुजलेल्या अंड्याचा, भिजून सडलेल्या पेंढ्याचा, असा सगळा मिळून होता. वॉर्डातल्या माणसांनी नाकाला पदर-रुमाल लावले. पू तपासायला पाठवला आणि तीन दिवसांनी रिपोर्ट आला : वाढ नाही. म्हणजे त्यात कुठलेही जंतू वाढले नाहीत.

मी तिथल्या शिकाऊ डॉक्टरला विचारलं, ‘‘एवढा घाण पू आणि त्यात जंतूच नाहीत?’’ रात्रपाळीनं डोळे लाल झालेला तो पोरगा होता, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, ‘‘होते की. हवा लागली आणि मेले. तो वास हाच त्यांचा रिपोर्ट.’’

हवा लागली आणि मेले. श्रोतेहो, मी कवी आहे. हे वाक्य मला झोपू देईना. हवेवाचून मरणारे आपण ऐकले होते, हवेनं मरणारे कोण? पुढची कित्येक वर्षं, जमेल तसं, डॉक्टरांना विचारून, ग्रंथालयात बसून मी याचा माग काढत राहिलो. त्यातलं जे पक्कं समजलं ते तुम्हाला सांगतो.

या जीवांना आपल्या शाळेच्या पुस्तकांच्या भाषेत विनॉक्सी म्हणता येईल, ऑक्सिजनविना जगणारे. त्यांचा पहिला पत्ता लागला तो लुई पाश्चरला, १८६१ साली. लोणी खवट होताना जे आम्ल तयार होतं, त्या आंबण्याचा तो अभ्यास करत होता. काचेवर द्रवाचा थेंब, वर पातळ काच, आणि सूक्ष्मदर्शकातून त्याला दिसलं की थेंबाच्या मधोमध असलेले जीवाणू खुशाल वळवळताहेत आणि थेंबाच्या काठावरचे, जिथं बाहेरची हवा टेकते तिथले, मात्र निपचित पडले आहेत. त्या काळात हवा म्हणजे जीवन हे समीकरण इतकं पक्कं होतं, की हवेशिवाय जगणारं काही असतं हे पुष्कळांना पटेना.

खरं तर उलटं आहे. पृथ्वीचं वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षं. जीवाणू इथं निदान साडेतीनशे कोटी वर्षांपासून आहेत. पण हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो सुमारे दोनशे चाळीस कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे विनॉक्सी हे मूळचे रहिवासी आणि ऑक्सिजनवाले आपण मागाहून आलेले. ऑक्सिजन वाढला तसे हे मूळ रहिवासी चिखलात, गाळात, जमिनीच्या पोटात आणि पुढं प्राण्यांच्या पोटात सरकले. भातखाचरात पाय रोवला की चिखलातून बुडबुडे वर येतात ना, ती त्यांच्याच जातकुळीतल्या सूक्ष्म जीवांची करणी. गोबरगॅसवर चहा उकळतो तोही त्यांच्याच मेहनतीवर.

ऑक्सिजन त्यांना का सोसत नाही? ऑक्सिजन ही तशी आगीचीच जात. लोखंड गंजतं, तेल खवट होतं, ते त्याच्यामुळे. पेशीत ऑक्सिजन आला की त्यातून काही जहाल पदार्थ तयार होतात. त्यातला एक तुमच्या ओळखीचा आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर टाकल्यावर फसफसतं ते. तो फेस म्हणजे आपल्या रक्तात आणि पेशींत त्या विषाला मोडून टाकणारं द्रव्य हजर असल्याची खूण. पुष्कळशा विनॉक्सींकडे हे द्रव्य नसतं किंवा अगदीच थोडं असतं. मात्र सगळे सारखे नाजूक नाहीत. काही जण हवेच्या नुसत्या झुळकीनं मरतात, काही जण थोडा वेळ तग धरतात. आजार करणारे बहुतेक या दुसऱ्या प्रकारातले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आतड्यातून रक्त खेळत्या जागी येईपर्यंत जो टिकला तोच पुढं काही करणार.

आता आपल्या शरीरात ते राहतात कुठं? पहिली वस्ती तोंडात. तोंड तर सदा उघडं, तिथं हवाच हवा, असं वाटेल. पण दात आणि हिरडी यांच्यामधली जी बारीक फट असते, तिच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथं एका हवाखाऊ जीवाणूमागे हजारापर्यंत विनॉक्सी असतात. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हनहूक नावाच्या कापड-दुकानदारानं १६८३ साली स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या दातांवरचं किटण खरवडून आपल्या भिंगाखाली धरलं. त्यात एक म्हातारा होता, त्यानं जन्मात दात घासले नव्हते. त्याच्या किटणात सर्वांत जास्त जिवंत वळवळ दिसली. लेव्हनहूकनं हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. तोंडातले जीवाणू माणसानं पाहिले ते तेव्हा.

दुसरी आणि सगळ्यांत मोठी वस्ती मोठ्या आतड्यात. तिथंही हेच प्रमाण, हजारास एक. आपल्या शरीरातल्या एकूण जीवाणूंचा एक हिशेब २०१६ साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी मांडला, तो साधारण ३८ लाख कोटी इतका येतो. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे घरमालकापेक्षा भाडेकरू थोडे जास्तच. सगळ्यांचं वजन मात्र पावशेराच्या आतच भरतं. तिसरी वस्ती कातडीच्या केसांच्या मुळाशी, तेलकट पुटकुळ्यांत, आणि स्त्रियांच्या जननमार्गात.

हे भाडेकरू भाडं भरतात बरं. भाकरीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक नावाचं आम्ल करतात. हेच ते पाश्चरच्या खवट लोण्यातलं आम्ल. आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. शिवाय ते के जीवनसत्त्व बनवतात. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे जागा अडवून बसणं. लोकलमध्ये चौथी सीटसुद्धा भरलेली असेल तर नवा माणूस बसणार कुठं?

या बाबतीत आपल्या पुण्याचं एक काम सांगायलाच हवं, कारण ते फार थोड्यांना ठाऊक आहे. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत विनॉक्सी जीवाणूंवर पुष्कळ वर्षं काम झालं. ही संस्था १९४६ साली ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ म्हणून सुरू झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे पहिले संचालक. तिथल्या लांजेकर आणि रानडे या संशोधकांनी पुण्याच्याच राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या मराठे, शौचे यांच्यासह निरोगी माणसांच्या विष्ठेतून विनॉक्सी जीवाणू वेगळे केले. त्यातला एक जगाला आधी माहीतच नव्हता. त्याचं नाव त्यांनी २०१४ साली ठेवलं मेगास्फेरा इंडिका. पुढच्या वर्षी दुसरा, त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम पुनेन्स. म्हणजे पुण्याचा. पुणेकरांच्या नावावर पगडी, पाट्या आणि बाकरवडी आहेच. आता पोटातला एक जीवाणूही आहे. यावर पुण्यात कुणी अभिमानाची पाटी लावल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

हे जीव वाढवणं काही सोपं नाही. गाईच्या पोटातल्या जीवाणूंचा अभ्यास करताना रॉबर्ट हंगेट या अमेरिकी शास्त्रज्ञानं याची रीत बसवली. काचेच्या नळीतली सगळी हवा हाकलून तिथं कार्बन डाय-ऑक्साइड भरायचा आणि रबरी बुच घट्ट बसवायचं. द्रवात एक रंग टाकतात. आत ऑक्सिजनचा लवलेश असेल तर द्रव गुलाबी दिसतो. ऑक्सिजन संपला की रंगहीन होतो. गुलाबी दिसला की नळी बाद. एरवी कवीला गुलाबी रंग किती प्रिय, पण इथं गुलाबी म्हणजे सगळा खेळ खलास.

आता कळेल की मामूंच्या पुवात काही का वाढलं नाही. कापसाच्या बोळ्यावर घेतलेला पू, साधी काचनळी, वॉर्डातून प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास. तोवर त्यातले विनॉक्सी गेले. जी दोन-चार जात हवेत वाढू शकते, ती आधीच्या औषधानं मेलेली. विनॉक्सींसाठी पू सुईनं ओढून, हवा न लागू देता पाठवावा लागतो आणि ते वाढवण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते. म्हणून आजही तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरला नाकावर आणि अनुभवावर विसंबावं लागतं. घाण वास येणारा पू विनॉक्सींचा, हा जुना ठोकताळा बहुतेक वेळा खरा ठरतो. वास आला नाही म्हणून ते नाहीतच, असं मात्र म्हणता येत नाही.

डॉक्टर अशा आजारांना संधिसाधू संसर्ग म्हणतात. हा शब्द मला तितकासा आवडत नाही. संधिसाधू म्हटलं की डोळ्यांपुढं वेगळेच लोक येतात. हे बिचारे तिथंच जन्म काढतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत. त्यांची जागा बदलते किंवा आपली तटबंदी ढासळते, तेव्हा अनर्थ होतो. आतडं फुटतं, दाढ पोकळ होते, मधुमेहानं पायाचा रक्तपुरवठा आटतो, शस्त्रक्रियेत अस्तर कापलं जातं. रक्त पोचलं नाही की ऑक्सिजन पोचत नाही आणि मेलेलं मांस ही त्यांना आंदण मिळालेली जमीन असते.

आणखी एक गोष्ट. ते सहसा एकटे काही करत नाहीत. १९७०च्या दशकात काही संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. आतड्यातला मळ पोटाच्या पोकळीत गेला की काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. आधी पुष्कळसे उंदीर झपाट्यानं मेले. ते काम हवेत आणि हवेविना दोन्हीकडे जगणाऱ्या ई. कोलायचं. जे वाचले त्यांच्या पोटात आठवड्याभरात गळू झाले; ते काम विनॉक्सींचं, त्यातही बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस या एका जातीचं फार. ई. कोलायवरचं औषध दिलं तर मरण टळे पण गळू होई. विनॉक्सींवरचं दिलं तर गळू टळे पण मरण टळेना. दोन्ही दिली तेव्हा उंदीर बरे झाले. आतड्यात ही फ्रॅजिलिस जात अगदी थोडी असते, शेकड्यात एखाद-दुसरी. पण तिच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं एक जाड आवरण असतं आणि गळू घडवण्याचा गुण त्या आवरणात आहे.

आमच्या कसाऱ्याला गाडी आली की घाट चढण्यासाठी पाठीमागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, बँकर ढकलतात. या जीवाणूंचं तसंच आहे. हवाखाऊ जीवाणू पुढं होऊन तिथला ऑक्सिजन संपवतात, त्यामुळे मागच्या विनॉक्सींना जागा तयार होते. विनॉक्सी मग आपल्या संरक्षक पेशींना जेरीला आणतात, त्याचा फायदा पुढच्यांना. एकट्यादुकट्याला जी चढण जमली नसती ती दोघं मिळून चढतात.

मामूंच्या गळ्यात हेच झालं होतं. त्या आजाराला जर्मन डॉक्टर लुडविग याचं नाव आहे. त्यानं १८३६ साली त्याचं वर्णन केलं. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात इतकी खोल जातात की त्यांच्या टोकाचा पू तोंडात न येता जिभेखालच्या आणि गळ्याच्या पोकळीत उतरतो. तिथून सूज जिभेला वर आणि मागं ढकलते, श्वासनलिकेचं तोंड बंद होत जातं. जंतुनाशकं येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रोगी दगावत, आणि बरेचसे विषबाधेनं नव्हे, गुदमरून. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना घट्ट सूज, वर आलेली जीभ, गळणारी लाळ, गिळता न येणं, घोगरा दबका आवाज. यातलं दोन-तीन जरी एकत्र दिसलं तरी लवंग, लेप, शेक काही करत बसू नये. त्याच घटकेला निघावं आणि रोग्याला बसवून न्यावं.

दाढ ही एक वाट झाली. दुसरी वाट पोटात. आपल्याकडे पोटात कळ आली की बेंबी सरकली म्हणतात आणि पोट चोळायला एखाद्या जाणत्या बाईला बोलावतात. नाही तर एरंडेल देतात. कळ बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकली, ताप आला, उलटी झाली, तर ते ॲपेंडिक्स असू शकतं. त्या वेळी चोळणं किंवा जुलाब देणं म्हणजे फुगलेल्या पिशवीला टोचणं. ती फुटली की वरचा उंदरांचा प्रयोग माणसाच्या पोटात सुरू होतो.

फुप्फुसाची वाट कमी लोकांना माहीत आहे. दारूच्या धुंदीत, फिट आल्यावर, लकव्यानंतर माणसाला गिळण्याचं भान राहत नाही आणि तोंडातली लाळ श्वासनलिकेत उतरते. दात किडके असतील तर लाळेबरोबर विनॉक्सींची फौज जाते. फुप्फुसात गळू होतो, खोकल्यातून घाण वासाचा बेडका पडतो. आमच्या भागात खोकला, ताप, खंगणं म्हटलं की पहिलं नाव टीबीचं निघतं, आणि ते बरोबरही असतं. पण बेडका तपासल्याशिवाय ते ठरवू नये. दुर्गंधी असेल तर तेही डॉक्टरला आवर्जून सांगावं. माणसं नेमकं तेवढंच लाजेनं सांगत नाहीत.

मधुमेह्यांच्या पायाचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी अनवाणी चालणं थांबत नाही. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव होत असेल तर तोही याच घराण्याचा इशारा असू शकतो. तरुण पोरापोरींच्या चेहऱ्यावरच्या पुरळातही एका विनॉक्सीचा हात असतो. मात्र तोच जीवाणू कृत्रिम सांध्यावर किंवा हृदयाच्या बसवलेल्या झडपेवर जाऊन बसला तर हसण्यावारी नेता येत नाही. धनुर्वाताचा जंतूही विनॉक्सीच. पण त्याचं मुख्य घर माती आणि जनावरांचं शेण हे आहे. गंजलेल्या खिळ्यात गंज गुन्हेगार नसतो. खोल, हवा न लागणारी जखम आणि तिच्यात गेलेली माती, हे खरं कारण. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारतानं २०१५ साली जाहीर केलं. ही बातमी आपण क्रिकेटच्या निम्म्यानंही साजरी केली नाही.

आता औषधाची गोष्ट, कारण ती मला सगळ्यांत जास्त आवडते. मेट्रोनिडॅझोल हे औषध तुम्ही फ्लॅजिल किंवा मेट्रोजिल या नावानं ओळखता. जुलाब झाले की टपरीवरही मिळतं, तोंडाला धातूसारखी कडवट चव येते, तेच. ते विनॉक्सींसाठी शोधलंच नव्हतं. १९५९च्या सुमारास एका फ्रेंच कंपनीनं ते तयार केलं ते स्त्रियांच्या एका गुप्त आजारावर. तो आजार करणारा जीव जीवाणूसुद्धा नव्हे. एका बाईंना त्यासाठी हे औषध दिलं. तिच्या हिरड्याही सुजून पिकल्या होत्या. आठवड्याभरानं तिनं सांगितलं की माझी दोन्ही दुखणी बरी झाली. शिन नावाच्या इंग्रज दंतवैद्यानं ही गोष्ट कानाआड केली नाही. तपासून पाहिली आणि १९६२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापली. रोगी जे सहज बोलून जातो ते कुणी तरी ऐकावं लागतं. जगभरच्या इस्पितळांत आज रोज वापरलं जाणारं एक औषध असं सापडलं.

आणि ते काम कसं करतं? गोळीतलं औषध स्वतः निरुपद्रवी असतं. ऑक्सिजनवर जगणाऱ्या पेशीत ते तसंच राहतं. विनॉक्सीच्या पेशीत मात्र, ऑक्सिजन नसल्यामुळे, त्याच्यावर एक इलेक्ट्रॉन चढतो आणि त्याचं विष होतं. ते त्या जीवाणूची गुणसूत्रं तोडतं. ज्या गुणावर तो जीव जगतो त्याच गुणानं मरतो. पण सगळ्याच विनॉक्सींवर ते लागू पडत नाही, पुरळाच्या जीवाणूवर तर नाहीच. आणि पू साठलेला असेल तर कुठलंही औषध पुरत नाही. पू बाहेर काढावाच लागतो, दाढ उपटावीच लागते. गोळीनं सूज उतरते, दुखणं थांबतं, माणूस खूश होतो आणि दाढ तिथंच राहते. पुढच्या खेपेची तयारी सुरू.

जुलाबाला ही गोळी आपणच घेण्याची जी सवय लागली आहे, तिच्याबद्दलही बोलायला हवं. बहुतेक साधे जुलाब मीठ-साखरेच्या पाण्यावर निभतात. उगाच घेतलेल्या जंतुनाशकानं आतड्यातले हजारो भले भाडेकरू हाकलले जातात आणि जागा रिकामी होते. त्या रिकाम्या जागेत वाढतो तो क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. १९३५ साली तो प्रथम तान्ह्या, निरोगी बाळांच्या शीत सापडला. वाढवायला अवघड म्हणून नाव डिफिसिल, अवघड. बाळांना तो काही करत नाही. पण म्हाताऱ्या, इस्पितळात पडलेल्या, जंतुनाशकं घेतलेल्या माणसाच्या आतड्याची तो सालटी काढतो, हे १९७८ साली उघड झालं. आता त्याचं आडनाव बदलून क्लॉस्ट्रिडिऑइडिस केलं आहे. स्वभाव तोच आहे. त्याची बीजं हाताला चोळायच्या अल्कोहोलनं मरत नाहीत, साबणपाण्यानं धुवून घालवावी लागतात. इस्पितळात रोगी पाहायला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

तोंडाचं काय करावं, हे सांगायला मी कोण? आमच्या घरी अब्बा मिसवाकनं दात घासत, शेजारचे ठाकर बाबा करंजाच्या काडीनं, मुमानी मशेरीनं. काडीनं किटण निघतं. मशेरी भाजलेली तंबाखू, ती हिरडीला जाळते आणि नाद लावते. मुमानींची ती शेवटपर्यंत सुटली नाही. काडी असो की ब्रश, तो हिरडीच्या फटीपर्यंत पोचायला हवा, आणि किडलेल्या दाताला लवंग हा मुक्काम नव्हे.

मामू सतरा दिवसांनी घरी आले. गळ्याची नळी निघाली, भोक भरून आलं, पुढं एक दुमडलेला वण राहिला. तो झाकायला ते उन्हाळ्यातही मफलर बांधायचे. आवाज मात्र पूर्वीसारखा आला नाही, घोगरा आणि बसकाच राहिला. दोन डब्यांपलीकडे हाक जाईना. मग त्यांनी किटलीवर पेला वाजवायला सुरुवात केली. ठण्, ठण्ठण्. कसाऱ्याला पहाटेच्या लोकलनं जाणाऱ्यांना तो आवाज पुढं कित्येक वर्षं ओळखीचा होता. एखादा प्रवासी गालाला हात लावून बसलेला दिसला की ते त्याच्यापुढं थांबायचे, चहा न देता आधी मफलर खाली ओढून वण दाखवायचे, आणि मग पेला भरायचे. त्या दाढेची पुडी मुमानींनी ट्रंकेत ठेवली होती. कशाला, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.